फवारलं, खडू ओढला, तरी मुंग्या तिप्पट. आता काय करू? (पुणे, तळमजला)

जास्वंदीखाली | २१ मे, रात्री ११:२०

मार्चमध्ये आम्ही सहकारनगरला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर राहायला आलो. घर मनासारखं मिळालंय. शहाबादी फरशी, मागे छोटं अंगण, अंगणात जास्वंद, कढीपत्ता आणि एक म्हातारा पेरू. पण एप्रिल लागला आणि मुंग्या सुरू झाल्या. आधी ओट्यावर, मग साखरेच्या डब्याच्या झाकणाच्या आट्यांमध्ये, मग तुपाच्या भांड्यावर. परवा लेकीच्या पाळण्यात सापडल्या. ती चौदा महिन्यांची आहे, झोपताना दूध सांडलं होतं एवढंच. मानेवर लाल पुरळ बघून मी त्या रात्री झोपले नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: हळद, लवंगा, कापूर, खडू, बाजारातला फवारा. फवारा मारला की रांग मरते, दुसऱ्या दिवशी दोन नव्या रांगा. शेवटी पेस्ट कंट्रोलवाले बोलावले. त्यांनी भिंतीच्या कडेने सगळीकडे फवारलं, तीन महिन्यांची हमी दिली. आठव्या दिवशी मुंग्या देवघराजवळच्या स्विचबोर्डातून बाहेर यायला लागल्या. फोन केला तर "पावसाळ्याआधी असंच असतं मॅडम."

रांगणारं मूल घरात आहे, त्यामुळे आणखी विष फरशीवर नको आहे. पुण्यातल्या कोणी खरोखर मुंग्या घालवल्या असतील तर कृपया सविस्तर लिहा.

कर्वेनगरकर | २१ मे, रात्री ११:५२

खडूच, पण रोज ओढावा लागतो. दाराच्या चौकटीला आणि ओट्याच्या मागे जाड रेघ मारायची. आमच्याकडे चालतंय.

खिडकीतली_मनी | २२ मे, सकाळी ७:१५

ताई, रांगणारं बाळ असताना खडू अजिबात नको. या खडूंमध्ये पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं आणि तो दिसतो पाटीवरच्या खडूसारखाच. मूल तो तोंडात घालणार. आणि मांजरं असतील तर दुप्पट काळजी. या गटातल्या काही रसायनांचा, विशेषतः पर्मेथ्रिनचा, मांजराच्या यकृताला निचरा करता येत नाही. माझी मांजर अशाच पावडरीवरून चालली आणि मग पंजे चाटत बसली. दोन तासांत तोंडातून लाळ, कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरायला लागलं. डॉक्टरांनी दोन दिवस सलाइनवर ठेवून वाचवली. तेव्हापासून आमच्या घरात खडूही नाही, पावडरही नाही.

मातीतला_माणूस | २२ मे, सकाळी ९:४०

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण "मुंग्या झाल्यात" एवढ्यावरून उपाय सांगता येत नाही. आधी मुंगी ओळखायला हवी.

पुण्यातल्या घरांमध्ये साधारण या दिसतात. एक, अगदी बारीक, डोकं काळपट आणि मागचा भाग इतका फिका की पांढऱ्या ओट्यावर नुसता काळा ठिपका चालल्यासारखा वाटतो. दोन, बारीक पिवळसर, अंग जवळजवळ पारदर्शक. तीन, काळ्या, लांब पायांच्या, रांग न धरता वेड्यासारख्या इकडेतिकडे धावणाऱ्या. चार, चावऱ्या लाल, बहुतेक अंगणात, मातीची भुसभुशीत ढिगुळी करून राहणाऱ्या. आणि पाच, मोठे काळे मुंगळे, ज्यांचं बीळ झाडाच्या बुडाशी असतं आणि घरात वाट चुकल्यासारखे येतात.

तुमच्या वर्णनावरून पहिली किंवा दुसरी असणार. या दोन्हींच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. रांगेवर फवारा पडला, वसाहतीला धोका जाणवला, की काही कामकरी मुंग्या एखादी राणी आणि पिल्लं घेऊन वेगळ्या जागी नवं बिऱ्हाड थाटतात. म्हणजे एकाची तीन घरटी तुमच्या फवाऱ्याने झाली. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी फवारल्यावर स्विचबोर्डातून का निघाल्या, त्याचंही उत्तर यातच आहे.

दुसरी गोष्ट. ओट्यावर दिसतात त्या वसाहतीतल्या थोड्याच, बाहेरकामाला निघालेल्या. राणी आणि अंडी-पिल्लं भिंतीत, फरशीखाली किंवा बाहेर मातीत. दिसणाऱ्या मुंग्या कितीही मारल्या तरी आत रोज नव्या तयार होतात. त्यामुळे तूर्त मारणं पूर्ण थांबवा. आज रात्री त्या कुठून येतात ते शोधा, आणि येताना नाही, जाताना बघा. खाऊ घेऊन जाणारी मुंगी सरळ घरी जाते.

गच्चीतली_बाग | २२ मे, दुपारी १:०५

वाचतेय. आमच्याकडेही हेच चालू आहे.

जास्वंदीखाली | २३ मे, रात्री १२:४०

काका, तुम्ही सांगितलंत तसं केलं. लेक झोपल्यावर स्वयंपाकघरातला दिवा घालवला आणि टॉर्च घेऊन जमिनीवर बसले. नुसत्या मुंग्या नजरेत टिकत नव्हत्या, म्हणून राजगिऱ्याचा लाडू कुस्करून चार लाह्या रांगेजवळ ठेवल्या. एक लाही सहा-सात मुंग्यांनी उचलली. टॉर्चच्या उजेडात ती पांढरी लाही आपली आपण चाललीय असं दिसत होतं. ओट्याच्या कडेने गॅसच्या नळीपर्यंत, तिथून खाली, सिलिंडरच्या मागे, मग स्कर्टिंगच्या वरच्या कडेने खिडकीपर्यंत. तिथे इंटरनेटची वायर भिंतीतून आत येते. वायरभोवती बोट जाईल एवढं भोक आहे, ते कोणी बुजवलेलंच नाही. लाही भोकात मावेना, तर त्यांनी ती तिथेच कुरतडून लहान केली आणि आत नेली. माझा अर्धा तास गेला, पण मी जागची हलले नाही.

मग चप्पल घालून अंगणात गेले. वायर बाहेरच्या भिंतीवरून खाली येते आणि जास्वंदीच्या फांदीला टेकते. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची जाडजूड रांग, वर जाणारी आणि खाली येणारी. शेंड्यांवर कळ्यांच्या बुडाशी पांढरा कापूस चिकटलाय. मुंग्या त्यावर थांबतायत.

त्या फिक्या बारीकच आहेत, डोकं काळं. दुसरी एक रांग सिंकखालच्या फरशीच्या सांध्यातून येते, तिचा पत्ता लागला नाही.

मातीतला_माणूस | २३ मे, सकाळी ८:१०

फार छान शोध घेतलात. अर्धं काम झालं.

आता आमिष. मुंग्यांचं सगळं पोट एकमेकींना भरवण्यावर चालतं. मोठ्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही, ती पातळच पिते आणि घरी जाऊन तोंडाने इतरांना देते. कठीण खाणं पिल्लांना भरवलं जातं. म्हणून असं काही द्यायचं की पिणारी मुंगी लगेच मरणार नाही, चार दिवस ते वाटत राहील आणि राणीपर्यंत पोचेल.

मेडिकलमधून बोरिक पावडर आणा. पुड्यावर फक्त बोरिक अ‍ॅसिड लिहिलंय ना ते वाचून घ्या. बोरिक नसेल तर काष्ठौषधीच्या दुकानात टाकणखार मिळतो, तोही चालतो. अर्धा कप (१०० मिली) कोमट पाणी, त्यात चार सपाट चमचे साखर आणि पाव चमचा बोरिक, म्हणजे साधारण एक ग्रॅम. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. याहून जास्त बोरिक घालू नका. इथेच बहुतेक लोक चुकतात, "जरा जास्त टाकू" म्हणतात आणि मुंग्या वाटेतच मरतात किंवा चाखून सोडून देतात.

कापसाचे बोळे त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा. बाळ आहे म्हणून झाकण उघड्यावर नको. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, खालच्या कडेला गरम सुईने बारीक भोकं पाडा, आत झाकण ठेवा, डबा चिकटपट्टीने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरात "विष" लिहा. बोरिक पोटात गेलं तर मुलांना अपायकारकच असतं. डबा ओट्याच्या मागे, बाहेर वायरच्या भोकापाशी, जिथे बाळाचा हात पोचत नाही अशाच जागी.

दुसऱ्या दिवशी डब्यापाशी झुंबड उडेल. घाबरू नका, पुसू नका, तिथे साबणाचं पाणी किंवा फवारा मारू नका. दर दोन-तीन दिवसांनी बोळे बदला, सुकले की उपयोग संपतो. आठवड्याने फरक दिसायला लागेल, पूर्ण जायला तीन आठवडे लागू शकतात. गोडाला तोंड लावलं नाही तर शेंगदाण्याच्या कुटात तूप आणि चिमूटभर बोरिक कालवून बघा. वसाहतीत पिल्लं वाढत असली की त्यांना गोडापेक्षा प्रथिनं-चरबी हवी असते.

भोकं मात्र आत्ता बुजवू नका. आधी आमिष आत जाऊ दे.

पेठेतली_आजी | २३ मे, सकाळी १०:३०

आमच्या वाड्यात दूधदुभत्याचं जाळीचं कपाट होतं. त्याचे चारही पाय पितळी वाट्यांमध्ये ठेवलेले आणि वाट्यांत पाणी. मुंगी पाणी ओलांडून येत नसे. चाळीस वर्षं ते कपाट वापरलं, दुधावरची साय उघडी राहिली तरी कधी मुंगी पडली नाही. बाळाच्या पाळण्याचे पाय असेच पाण्यात ठेव गं, आजपासून. आणि पाळणा भिंतीला टेकता कामा नये, मच्छरदाणीचं टोकही जमिनीला लागता कामा नये. नाहीतर तिथून चढतात.

मी स्वतः मुंगी मारत नाही. सासूबाईंनी दिलेली सवय, रोज सकाळी चिमूटभर पीठ आणि साखर झाडाच्या बुडाशी घालते. त्यांचं पोट बाहेर भरलं तर त्या आत कशाला येतील?

मातीतला_माणूस | २३ मे, सकाळी ११:१५

आजी, वाट्यांचा उपाय आजही सगळ्यात उत्तम. फक्त एक भर घालतो. त्या पाण्यात डासांची अंडी होतात आणि पुण्यात डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे दर तीन-चार दिवसांनी पाणी ओतून वाट्या घासून घ्यायच्या. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर मुंगीला पृष्ठभागावरून तरंगत येणंही जमत नाही.

आणि तुमच्या साखरेबद्दल. घालत राहा, पण घराच्या भिंतीपासून लांबच्या झाडापाशी. भिंतीजवळ घातलं तर वसाहत तिथेच वाढते.

धायरीचा_दादा | २३ मे, दुपारी ४:२०

गावाकडे आम्ही गॅमेक्सीन पावडर टाकायचो. एकदा टाकली की वर्षभर मुंगी नाही. कुठे मिळाली तर बघा.

मातीतला_माणूस | २३ मे, संध्याकाळी ६:००

दादा, कृपया शोधू नका. गॅमेक्सीन म्हणजे बीएचसी (बेंझिन हेक्झाक्लोराइड) हे जुनं कीटकनाशक. भारतात त्यावर १९९७ पासून बंदी आहे. त्यातलाच लिंडेन हा घटक २०१३ पर्यंत वापरात होता, तोही बंद झाला. वर्षभर मुंगी येत नव्हती याचं कारण ते मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं टिकतं. गाईच्या दुधात, आईच्या दुधात उतरतं. जुन्या घरात माळ्यावर एखादा डबा राहिला असेल तर हाताने सांडू नका, नाल्यातही ओतू नका.

कोणतंही कीटकनाशक घेताना डब्यावरची चौकट बघायची सवय लावून घ्या. तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाजारात सुटी विनालेबल पावडर मिळते ती घेऊच नका. काही झालं तर डॉक्टरांना काय सांगणार?

गच्चीतली_बाग | २४ मे, सकाळी ६:५०

ताई, जास्वंदीवरचा तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तुमच्या मुंग्यांचं खरं गुऱ्हाळ तिथे आहे! हे ढेकूण झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात. मुंग्या तो चिकटा पितात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात, त्यांना खायला आलेल्या किड्यांना हुसकावतात. चिकट्यावर मग काळी बुरशी चढते. मला दोन वर्षं कळलं नव्हतं की ढेकूण जात नाहीत कारण मुंग्या आहेत, आणि मुंग्या जात नाहीत कारण ढेकूण आहेत.

मी असं केलं. जास्त लागण झालेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले, कंपोस्टमध्ये नाही. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरात फवारा, विशेषतः पानांच्या मागून. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांडी घासायचा द्रव साबण, नीट हलवून, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर फवारायचं. दर सात दिवसांनी, तीनदा. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिनचा जाड थर दिला, मुंग्या वर चढायच्या थांबल्या. सालीवर थेट व्हॅसलिन लावू नका.

आणि एक गोष्ट नक्की बघा. पांढऱ्या झिपऱ्यांचा, ढेकणासारखाच दिसणारा पण त्याहून मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर मारू नका. ती ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, ढेकणांना फस्त करते. हा ढालकिडा भारतात १८९८ मध्ये मुद्दाम आणला गेला. मी अज्ञानाने पहिल्या वर्षी सगळ्या चिरडल्या. अजून वाईट वाटतं.

बांधकाम_बघणारा | २४ मे, सकाळी ९:२५

फरशीबद्दल लिहितो, कारण कोणीतरी व्हिनेगरने पुसा म्हणणारच. शहाबादी ही चुनखडीची फरशी आहे. व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं अ‍ॅसिड, काहीही आंबट लागलं की तिचा पृष्ठभाग खाल्ला जातो, पांढरे डाग पडतात ते परत निघत नाहीत. मुंग्यांची वासाची वाट पुसायला साध्या साबणाचं कोमट पाणी पुरतं.

सिंकखालच्या सांध्यातून येतात म्हणताय, तिथे पाणी झिरपतंय का बघा. उन्हाळ्यात मुंग्या खाण्याइतक्याच पाण्यासाठी येतात. नळाच्या सांध्याखाली रात्री कोरडा कागद ठेवा, सकाळी ओला झाला तर गळती आहे. आमिषाचं काम संपलं की सांधे खरवडून पांढरं सिमेंट भरा. वायरच्या भोकाला सिलिकॉन, पाइपाभोवती एम-सील. स्विचबोर्ड उघडायचा असेल तर आधी मेन बंद.

बिबवेवाडी_सोसायटी | २६ मे, संध्याकाळी ७:४०

आमच्या सोसायटीच्या हिरवळीत चावऱ्या लाल मुंग्या आहेत. मुलं खेळायला जात नाहीत. सेक्रेटरी म्हणतात सगळ्या हिरवळीवर औषध मारून घेऊ.

मातीतला_माणूस | २६ मे, रात्री ९:००

सगळ्या हिरवळीवर मारलं तर इतर निरुपद्रवी मुंग्याही मरतात आणि रिकाम्या जागेत लालच आधी परत येतात. ढिगुळ्या मोजा, प्रत्येकीला काडी खोचून खूण करा. सकाळी लवकर, जेव्हा राणी आणि पिल्लं वरच्या थरात असतात, प्रत्येक ढिगुळीत दहा-बारा लिटर उकळतं पाणी हळूहळू ओता. एका फेरीत सगळी मरत नाहीत, आठवड्याने पुन्हा बघा. झाडाच्या मुळांशी मात्र उकळतं पाणी नको. गमबूट घाला.

मुलांना सांगून ठेवा: चावल्यावर आग होणं, गांधी येणं हे होतंच. पण ओठ-चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखान्यात.

कर्वेनगरकर | ४ जून, रात्री ८:३०

काल वळीव झाला आणि ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या मुंग्या. सकाळी खिडकीत नुसते पंख पडलेले. या कुठल्या?

मातीतला_माणूस | ४ जून, रात्री ९:१०

एक किडा पकडून बघा. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे: मुंगी. कंबरच नाही, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या, चारही पंख सारख्या लांबीचे: वाळवी. पंखांचा ढीग पडलाय म्हणजे वाळवीची शक्यता जास्त. चौकटी आणि कपाटाच्या पाठी बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर जाणकार माणूस बोलवा. वाळवीला श्रीखंडाच्या डब्यातलं आमिष पुरणार नाही.

खिडकीतली_मनी | ५ जून, सकाळी ८:००

थोडं वेगळं, पण लिहावंसं वाटलं. आमच्याकडे मागच्या वर्षी मुंग्या फक्त सासऱ्यांच्या बाथरूममध्ये, कमोडच्या कडेला यायच्या. बाकी घरात एकही नाही. सासूबाई म्हणाल्या, लघवीतून साखर जात असेल, यांची साखर तपासून घ्या. तपासली तर जेवणाआधीची २४० आली. त्यांना काहीच त्रास होत नव्हता. तेव्हा अशा ठिकाणी मुंग्या दिसल्या तर फिनेल ओतण्याआधी घरातल्यांची तपासणी करा.

जास्वंदीखाली | १४ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आमिष २४ मेला ठेवलं. पहिले दोन दिवस डब्याभोवती इतक्या मुंग्या जमल्या की नवरा फवाऱ्याची बाटली घेऊन उभा होता, मी ती हातातून काढून घेतली. चौथ्या दिवशी रांग पातळ झाली. अकराव्या दिवशी ओट्यावर एकही नव्हती. देवघराजवळच्या बोर्डातलं येणं त्याआधीच थांबलं.

सिंकखालची रांग मात्र गोडाला तोंड लावेना. कुटाचं आमिष ठेवलं, तेव्हा त्यांनी तीन दिवसांत वाटी साफ केली. आणि हो, तिथे गळती होतीच, कागद सकाळी भिजलेला सापडला. प्लंबरने वायसर बदलला. काल सगळे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घेतले, वायरचं भोक बुजवलं.

पाळणा अजून चार वाट्यांत उभा आहे. आजी, दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलते.

जास्वंदीवर दुसरी फवारणी झाली. आज सकाळी एका कळीखाली पांढऱ्या झिपऱ्यांची एक अळी दिसली, ढेकणापेक्षा मोठी, भरभर चालणारी. तिसरी फवारणी थांबवू का? तेलाने ती मरेल का, हे कोणी सांगेल का?

गच्चीतली_बाग | १४ जून, रात्री १०:३१

थांबवा! तेल तिच्याही अंगावर बसतं. ढेकूण फारच जास्त असलेला शेंडा तेवढा हाताने पुसून घ्या आणि झाड तिच्यावर सोपवा. खोडावरची पट्टी मात्र तशीच राहू द्या, पावसाने व्हॅसलिन धुतलं गेलं तर पुन्हा लावा.